दादाचा माइक

३ मार्च

तालमीत नुसता वैताग! ब्राझीलचं बोसा नोव्हा म्हणजे कानाशी बोलल्यासारखं संगीत. ते सतरा जणांच्या बिग बँडवर बसवायचं खूळ माझंच. ट्रम्पेटं सुटली की दादाची गिटार म्हणजे नगारखान्यातली टिमकी. स्वतःचंच ऐकू येत नाही, मग तो पुढे पळतो. अख्खी लय त्याच्या अंगठ्यावर — आणि तोच पळतो!

ड्रमर — त्याला आम्ही वादळ म्हणतो — हळूच म्हणाला, "ताई, दादांचं आता वय झालं." मी खेकसले त्याच्यावर. खरं तर माझ्याही मनात तेच होतं.

५ मार्च

या वेळी तू वाजवू नकोस, असं दादाला सांगायचंच म्हणून त्याच्या घरी गेले. तो आखडलेली बोटं कोमट पाण्यात बुडवून बसला होता. "छोटे, तुझे भोंगे आणि माझी कुजबुज! जमलं ना, तर मजा येईल बघ."

चहा पिऊन परत आले. माझी बोटं पहिल्यांदा तारांवर ठेवली ती याच थोरल्या भावानं. कुठल्या तोंडानं सांगू?

८ मार्च

केलं एकदाचं. साउंडवाल्याला सांगितलं — उद्या कार्यक्रमात दादाचा माइक बंद ठेव, पियानोचा आवाज चढव. तो म्हणाला, "त्यांना माहितीये ना?"

"हो," म्हटलं. हो!

९ मार्च

कार्यक्रम अफाट झाला. पहिलं गाणं गडगडाटात सुरू झालं, आणि मध्यावर काय झालं कोण जाणे — ट्रम्पेटं उतरली, सॅक्सोफोन नुसत्या श्वासावर आले, वादळानं काठ्या टाकून चक्क मऊ तारांचे ब्रश घेतले. अख्खा बँड कुजबुजायला लागला! लय कुठेच पळाली नाही. माझ्या कागदावर यातलं काही नव्हतं. लोक येऊन म्हणाले, "काय बांधणी केलीत हो!" मी हसून थँक्यू म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा.

दादाला विचारलं, "नीट ऐकू आलं ना तुला?" "झकास!" म्हणाला. शर्ट घामानं चिंब. बंद माइकसमोर एवढा जीव तोडून वाजवलं त्यानं, आणि मी समोर उभी राहून बघत होते. लाज वाटते स्वतःची.

१० मार्च

उद्या सांगणार. नक्की.

११ मार्च

नाही सांगितलं. दादाचा फोन आला, तो उचललाही नाही. चोराच्या मनात चांदणं!

१३ मार्च

वादळाला सहज विचारलं, त्या दिवशी मध्येच ब्रश कसे घेतलेस? आधी टाळत होता. मग म्हणाला, "तुम्ही पियानोकडे बघत होतात, तेव्हा दादा मागे वळले ना. म्हणाले — माझा माइक गेलाय. सगळे हळू वाजवा, माझ्या हाताकडे बघा. आणि छोटीला कळू देऊ नका, उगाच घाबरेल ती."