न निघणारा हलवा

ती. अहल्याअक्कास,

धाकट्या दामोदरचा जे. पी. नगरहून वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि शेजारणीशी चाललेलं भांडण, तिन्ही आटोक्यात असावीत. (तिसरं नसलं तरी चालेल, त्यानं तुझी तब्येत चांगली राहते.)

नातीचं, रक्षिताचं, बोरनहाण झालं. बोरं, चुरमुरे, हलवा सगळं मीच सढळ हातानं तिच्या डोक्यावर ओतलं. नंतर कपडे बदलताना पाहतो तर तिच्या खांद्यामागे हलव्याचा दाणा चिकटलेला. नखानं काढायला गेलो, निघेना. (पाक पक्का झालाय म्हणून मी हलवा करून देणाऱ्या सुनंदाबाईंचं कौतुकही केलं.) मग कोमट पाणी लावलं, मग खोबरेल. तरी विरघळेना, तेव्हा सुनंदाबाईंना फोन करून साखरेत काय कालवलंत म्हणून विचारलं. त्या आता माझ्याशी बोलत नाहीत. शेवटी सूनबाईनं, शिल्पाश्रीनं, "मावा, साकु, बिडी!" असं कानडीत म्हणत (म्हणजे मामंजी, पुरे, सोडा आता) पोरीला माझ्या तावडीतून सोडवलं आणि थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, हे हाड आहे. मी म्हटलं, हाडं आत असतात. ते म्हणाले, क्वचित एखाद्या बाळाच्या कातडीतही हाडाचा कण तयार होतो. रक्त तपासलं, फोटो काढला, बारीकसा तुकडा तपासायला पाठवला. पोर जरा रडली. नर्सनं पाणी मात्र आधी मला दिलं. आता सगळे रिपोर्ट चांगले आलेत. गाठ वाईट नाही, काढायची घाई नाही, फक्त लक्ष ठेवायचं. तेव्हा तू मुळीच काळजी करू नकोस आणि एवढ्या थंडीत बेळगावहून धावत येऊ नकोस.

तुझा,
दामोदर

ता. क. घरात आणखी कुणाला असं आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. मी ठामपणे नाही म्हणालो आणि घरी जेवताना तुझा डावा दंड आठवला, तसा उष्ट्या हातानंच त्यांना फोन करून सांगितलं. लहानपणापासून तिथं जो कडक खडा आहे, ज्याला आई लक्ष्मीची खूण म्हणायची आणि जो तू सगळ्या लग्नांत मिरवतेस, तो डॉक्टरांना बघायचाय. गाडीत बस आणि यशवंतपूरला उतर. मी न्यायला येतो.

आणखी एक. शिल्पाश्रीच्या समाधानासाठी ये, असं लिहिणार होतो. पण ती शांत आहे. झोप माझीच उडालीय. असा खडा अंगावर घेऊनही माणूस सत्तरी ओलांडतं, हे मला एकदा डोळ्यांनी बघायचंय, अक्का.