दादाचे सहा सेकंद

६ मार्च

सहा पूर्णांक चार सेकंद! आज मोबाइलवर घड्याळ लावून मोजले. दादाची नजर शेवटच्या अक्षरावर थांबल्यापासून लॅपटॉपमधून 'पाणी' असा आवाज येईपर्यंत. लॅपटॉप तापला की नऊच्या वर.

दिवसभर जगाचे लॅपटॉप दुरुस्त करते आणि घरात दिव्याखाली अंधार. आजारात दादाचे आधी हात गेले, मग जीभ. आता डोळे तेवढे त्याचं ऐकतात. कॅमेरा त्याची नजर वाचतो आणि लॅपटॉप बोलतो. वीस वर्षं बसचा कंडक्टर होता, पन्नास माणसांना एका हाकेत गप्प करायचा. आज एका 'पाणी'साठी ताटकळत बसतो. मला बघवत नाही.

७ मार्च

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. दादाची छाती दुबळी होत चाललीय, स्वतःहून श्वास फार दिवस पुरणार नाही म्हणाल्या. गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि नळीला मशीन. "मग काही वर्षं काढता येतील. पण निर्णय त्यांचा. मला त्यांच्याच तोंडून हवाय." तोंडून! बोलून गेल्या आणि ओशाळल्या.

दादाने लिहायला घेतलं. न — आणि पडदा गोठला. तासभर चालून लॅपटॉप तापला होता. कसाबसा हलला तेव्हा खाली शब्दांची यादी आली. आता घरात रीतच पडलीय, पहिला शब्द दिसला की मी बोटाने दाबून टाकते, तेवढाच त्याच्या डोळ्यांचा त्रास वाचतो. दाबला. "नक्की," यंत्र बोललं. हा त्याचा लाडका शब्द, येताजाता वापरतो, म्हणून यादीत कायम पहिला. बाईंनी लिहून घेतलं.

माझा जीव भांड्यात पडला! तिथेच ढसाढसा रडले, दादाचा हात धरून. नळीची तारीख २६.

९ मार्च

जुना लॅपटॉप उघडला. धूळ काढली, प्रोसेसरवर उष्णता बाहेर काढणारी नवी पेस्ट लावली. पाच पूर्णांक नऊ. एवढी मरमर करून अर्धा सेकंद!

प्रोसेसर बोर्डालाच सोल्डर केलेला, त्यामुळे तो बदलायचा प्रश्नच नाही. दुकानाचे मालक म्हणाले, "अगं, जुन्या घोड्याला नवा नाल ठोकून तो शर्यत जिंकतो का?" चिडले. पण म्हातारा खरं तेच बोलत होता.

१२ मार्च

मालकांनी दुकानातला नवा लॅपटॉप माझ्या टेबलावर आणून ठेवला. "घेऊन जा. दादाला चालला तर परत आणू नकोस." एवढं बोलून चहाला निघून गेले. त्यांना आभार मानलेले चालत नाहीत.

दोन्ही शेजारी ठेवून दिवसभर तपासले. गंमत म्हणजे दोघांची भूक सारखीच, पंधरा वॅट. दोन्ही कमी विजेवर चालणारे, मध्ये नऊ वर्षांचं अंतर. जुन्याच्या प्रोसेसरमध्ये दोन कोअर, म्हणजे दोनच कामकरी. एक डोळ्यांमागे धावतो, दुसरा यादी करतो, आणि बोलायची वेळ आली की दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तापला की लॅपटॉप स्वतःच पाय ओढत चालायला लागतो. नव्यात आठ कोअर. त्यांच्यात कोण बोलतंय, कोण बघतंय, कळतही नाही.

दादाच्या नजरेचं जुनं रेकॉर्डिंग दोन्हींवर चालवून पाहिलं. जुना सहा सेकंद. नवा — पाव. बॅटरी जुन्याची झिजून पावणेदोन तास, नव्याची अकरा. तीन वेळा मोजलं, विश्वास बसेना.

१४ मार्च

कॅमेरा नव्या लॅपटॉपशी बोलायला तयार नाही. डोकं उठलं.

१६ मार्च

अजून नाही. दादाचा श्वास आज उथळ होता. २६ कधी एकदा उजाडते असं झालंय.

१८ मार्च

जमलं!!

दादाचं पहिलं वाक्य: "पुढे सरका, मागचा रस्ता मोकळा करा!" मी हसून हसून खाली बसले. शेजारच्या काकू आल्या, म्हणाल्या, किती रे वाळलास. तो लगेच, "माझ्या वाटणीचं तुम्ही खाता ना, काकू." काकूंनी चापट मारली त्याला! दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा विनोद वेळेवर आला. सहा सेकंद उशिरा आलेला विनोद विनोद राहत नाही, सूचना होते.

सवयीने माझं बोट यादीकडे गेलं. "हात काढ," म्हणाला. काढला.

२१ मार्च

हॉस्पिटलची पिशवी भरत होते. म्हटलं, सव्वीसला सातच्या ठोक्याला निघायचं हं.

"मी येत नाही."

मी म्हटलं, घाबरतोस काय, तूच तर बाईंना नक्की म्हणालास.

"तू म्हणालीस. मी 'नको' लिहीत होतो."

हातातला टॉवेल पिशवीत कोंबला. मग भांडलो. दोन तास! मी ओरडत होते आणि तो शब्दाला शब्द देत होता. मी म्हटलं, मरायचंय का तुला? "मरायचं नाही. मशीनला टांगून राहायचं नाही." मी म्हटलं, आणि मी? मी एकटी काय करू? "तेच. तू त्या मशीनची नोकर होशील." स्वार्थी म्हटलं त्याला. म्हणाला, "हो." कुठेच अडला नाही. मला रडायलासुद्धा उसंत देईना.

२२ मार्च

त्याच्याशी बोलले नाही. भरवलं, पुसलं, कूस बदलली. बोलले नाही.

२३ मार्च

सकाळी विचारलं — एवढे दिवस गप्प का बसलास?

"जुन्यावर भांडता येत नव्हतं. आणि तू इतकी खूश होतीस."

डॉक्टरीणबाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला, दादानेच सांगितलं. नळी रद्द. बाई म्हणाल्या, उन्हाळा संपेपर्यंत, फार तर. दादानेही ऐकलं. म्हणाला, "ये, बस. खूप बोलायचं राहिलंय."