नानांची घागर

जळगाव, ८ जानेवारी २०२५

ती. प्रेमराजभाऊस धाकट्या कोकिळाचा शि. सा. न.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. वहिनी सांगत होती, तुझ्या पोटात पाणी झालंय, डोळे पिवळे पडलेत. भाऊ, नानांचंही असंच झालं होतं ना? तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, चोरून पितो. आईनेही तेच धरून ठेवलं. दर अखाजीला पितरांना पाणी म्हणून ती आजोबांची घागर भरते, स्वतःच्या नवऱ्याची, नानांच्या नावाची मात्र कधी भरली नाही.

आता म्हणे ती तुझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. कोणी समजवायला गेलं की तिचं एकच, बठ्ठं माले माहीत शे, जणू सगळं तिलाच ठाऊक. खरंच पीत असशील तर आजच सोड रे बाबा. नाहीतर तुझ्याही घागरीची पंचाईत व्हायची!

रागाव हवं तर, पण उत्तर धाड. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी कोकिळा

धुळे, १९ जानेवारी २०२५

चि. सौ. कोकिळास अ. उ. आ.

घागरीची थट्टा वाचून हसलो, मग वाईट वाटलं. मी थेंबाला शिवलेलो नाही. डॉक्टर म्हणतात, आधी यकृतात चरबी साठली, मग ते निबर झालं. आईबापाकडून आलेली जनुकं सगळी सतत चालू नसतात म्हणे, शरीर त्यांना गरजेप्रमाणे चालू-बंद करतं. माझी चरबी बनवणारी चालूच राहिली आणि ती बाहेर काढणारी मंदावली. विहिरीवरची मोटर बंद करायला कुणी नसावं, तसं. काही दोष जन्माचा, बाकी भर माझ्या गोड चहाने आणि गोदामातल्या रात्रपाळीने घातली.

त्यांनी नानांचं विचारलं. मी म्हणालो, प्यायचे. प्यालेले पाहिलेत का, असं विचारल्यावर मला तसा एकही दिवस आठवेना. कोकिळे, तू तरी पाहिलेस का? नानांना आता तपासता येत नाही, पण माझा जीव त्यातच अडकलाय. आई मानत नाही. डॉक्टर पैशासाठी गोड बोलतात म्हणते. मरणाचं एवढं नाही गं, पण बेवडा म्हणून जायचं नाही मला.

तूही तपासून घे. मुलांना आशीर्वाद. भावाला मनातून उतरवू नकोस.

प्रेमराज

जळगाव, ११ मार्च २०२५

ती. भाऊस शि. सा. न.

तपासलं. माझ्याही यकृतात चरबी आहे! डॉक्टर म्हणाले, अजून सुरुवात आहे, खाणं सुधारलं, रोज चाललं तर मागे फिरेल. रडले, मग वाटलं, बरंच झालं. आईला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवायला वहिनीला सांग. आई, मी तर दारूच्या वासानेही पदर नाकाला लावते. मग मला हे कुठून आलं? नानांना नाही, निदान भाऊला तरी जवळ घे.

भाऊ, धीर सोडू नकोस. अखाजीला येतेच.

कोकिळा

धुळे, ३ मे २०२५

सौ. कोकिळाताईंना सुलक्षणाचा स. न. वि. वि.

यांच्या तेराव्याला घरात माणसं होती, बोलता आलं नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा हे दवाखान्यात होते, शुद्ध नव्हती. मी आईंना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग चप्पलही न घालता रिक्षात बसल्या. यांच्या ओठांना चमच्याने पाणी लावलं, हाका मारल्या. यांना कळलं की नाही, मला सांगता येत नाही. तेवढंच कळायला हवं होतं हो.

अखाजीला तुमचा पाय निघाला नाही, ते समजतं. आईंनी यंदा सांजोऱ्या तळू दिल्या नाहीत. कोकिळाला गोड धाडायचं नाही, तिला रोज चालायला सांग, असं बजावलंय. चालता ना?

नानांची घागर आईंनी स्वतः भरली. शेजारी यांची भरली. कुंकू लावताना हात थांबला, आणि दोन्ही घागरींसमोर कपाळ टेकून त्या म्हणत राहिल्या, माले काहीच माहीत नव्हतं.

हे घर अजून तुमचं माहेर आहे, येत जा.

सुलक्षणा