सफरचंद जरा खाली बांधा

प्रिय तियाना,

ओग्न्येन तुझा होणारा नवरा असला तरी हे पत्र त्याला दाखवू नकोस. हे शेवटी लिहिणार होतो, पण तू शेवटापर्यंत पोचायच्या आत तो तुझ्या खांद्यावरून डोकावेल, म्हणून आधीच सांगतो. फोनवर बोललो असतो, पण फोनवर मी ओरडतो आणि सगळं घर ऐकतं. शेजारची रोसा रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला तुझ्याच दुकानात येते, तिच्याबरोबर पाठवतोय. तियानाच्या हातातच दे, काउंटरवर ठेवू नकोस, असं तिला तीनदा बजावलं. ती म्हणाली, दोब्रिवोये, या वयात प्रेमपत्रं लिहितोस की काय. म्हटलं, तसंच समज.

तुम्हा दोघांचा वरचा मजला होत आलाय. भिंतींना तू सांगितलेला पिवळा रंग दिला. मला तो जरा भडक वाटतो, पण तिथे मी थोडाच राहणार आहे. जिन्याला अजून कठडा नाही, त्याची मला फार काळजी लागून राहिली आहे. नवी नवरी, पायात उंच टाचांचे बूट, अंगणातल्या सगळ्यांचे डोळे वर. वितोमिर म्हणतो, लग्नाआधी बसवतो. तुझ्या सासऱ्याच्या हातात कसब आहे हे तुला माहीत आहे. कठड्याच्या सळ्यांना तो द्राक्षाच्या वेलीची पानं लावतोय, एकेक पान स्वतः ठोकून. सकाळपासून शेडमधून तो ठकठक आवाज येत असतो. आवाज चालू असला की मला बरं वाटतं. थांबला की मी उठून खिडकीशी जातो.

गोर्डाना म्हणते, बाबा, तुम्ही घरात असे फिरता की मला घेरी येते. तुझी सासू बोलते फटकळ, पण मनात काही ठेवत नाही. जेवणासाठी भाजायच्या वासराचं ठरलं, बँडवाल्यांचं ठरलं, पावसाचं तेवढं कुणाला ठरवता येत नाही. आणि तुझा भाऊ रास्त्को कॅफेत बढाया मारतोय, असं कानावर आलं. म्हणे लग्नाच्या रिवाजाचं सफरचंद ओकच्या अगदी शेंड्याला बांधणार आणि आमच्याकडच्यांनी ते गोळीने पाडल्याशिवाय कुणालाही तुमच्या अंगणात पाऊल टाकू देणार नाही. त्याला सांग, जरा खाली बांध. जूनमध्ये सफरचंद तरी कुठलं, गेल्या वर्षीचं पेंढ्यातलं सुरकुतलेलंच ना. तेवढ्यासाठी आभाळात गोळ्यांचा पाऊस कशाला. मी हे का म्हणतोय ते पुढे येईल. मला सरळ लिहिता येत नाही. शाळा मी चौथीपर्यंतच केली, त्यातही अर्धा वेळ डुकरांमागे जायचा.

मे महिन्यातल्या त्या दोन दिवसांबद्दल तुला काय सांगू. आधी बेलग्रेडमधली ती शाळा, जिथे एका पोराने आपल्याच शाळेतल्या मुलांवर गोळ्या झाडल्या. ती मुलं अजून पुरलीही नव्हती, तोच दुसऱ्या संध्याकाळी म्लादेनोवाकजवळच्या गावांत पुन्हा गोळीबार. मग सरकारने सांगितलं, हत्यारं आणून द्या, कुणाची, कुठून आली, विचारणार नाही. मी वडिलांची शिकारीची दुनळी बटाट्याच्या पोत्यात घातली आणि पोलिसांकडे गेलो. ओळ इतकी, जसं काही गिरणीवर दळण आणलंय. माझ्यापुढे एक बाई होती, तिच्या हातात केकचा डबा आणि डब्यात हातबॉम्ब. मागून कुणीतरी म्हणालं, काकू, मेणबत्त्या विसरलात. सगळे हसले, तीही हसली. मला तेवढंच वाटत होतं की तिने हसू नये आणि हात हलवू नये. माझी पाळी आली तेव्हा त्या पोराएवढ्या पोलिसाने विचारलं, “आजोबा, घरात आणखी काही आहे?” मी म्हणालो, “माझं नाही.” त्याने वर पाहिलं, पण ठरल्याप्रमाणे काही विचारलं नाही.

माझं नाही. वितोमिरचं आहे. एक्याण्णव साली देश फुटला तेव्हा लढाईवर गेला आणि आला तेव्हा त्याच्याबरोबर ती ऑटोमॅटिक बंदूक आली. तेव्हा सगळ्यांच्याच घरी असं काही ना काही आलं, कुणाला वावगं वाटलं नाही. माझी स्तामेना तेव्हा जिवंत होती. ती म्हणाली, असू दे, पोरगा आला ना परत. ती बंदूक कुठे आहे हे मला कधी कळलं नाही. मेपासून मी ती शोधतोय. गवताच्या गंजीत काटा खुपसून पाहिला, मांसाला धुरी देण्याच्या खोलीत आढ्यापर्यंत चढलो, आलुबुखाराच्या पिंपांची झाकणं उचलली. एकदा कोंबड्यांच्या खुराड्यामागे खणत होतो, तर वितोमिर येऊन उभा राहिला. काय हरवलंय म्हणाला. मी म्हटलं, चष्मा. तो म्हणाला, तो तुमच्या नाकावर आहे. मग त्याने माझ्या हातातलं फावडं घेतलं, खड्डा बुजवला, पायाने माती दाबली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “बाबा, खणू नका, पाठ धरेल. लग्नाच्या दिवशी दिसेल तुम्हाला ती. सफरचंद मी पाडणार आहे.” मी सरळच सांगितलं, आधी देऊन टाक, महिनाअखेर मुदत आहे. तो शेडमध्ये गेला आणि ठकठक सुरू झाली.

तू म्हणशील, म्हातारा टीव्ही पाहून घाबरलाय. टीव्ही पाहतो हे खरंच. पण मी काय पाहतो ते सांगतो. दहा वर्षांपूर्वी म्लादेनोवाकजवळच्याच एका गावात एका माणसाने पहाटे उठून स्वतःची आई, मुलगा आणि शेजारीपाजारी मारले, तोही लढाईवरून आलेला. त्याच्या काही वर्षं आधी पूर्वेकडच्या गावात एकाने शेजारी मारले. मग उत्तरेकडे मुलाच्या लग्नानंतर लगेच बापानेच गोळ्या झाडल्या. मग कॅफेतला तो. दर वेळी टीव्हीवाला एखाद्या कुंपणापाशी जातो, आणि कुंपणापलीकडचा माणूस तेच सांगतो. शांत होता. कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझा ट्रॅक्टर त्यानेच दुरुस्त करून दिला. मेमध्ये हे बघत असताना रोसा माझ्या शेजारी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. ती आपली सहज म्हणाली, “बघ, अगदी आपल्या वितोमिरसारखा.” तिला काही सुचवायचं नव्हतं, स्तुतीच करत होती. त्याने तिचा ट्रॅक्टरही दुरुस्त केलाय, आणि त्या मोठ्या पुरात तिला पाठीवर घेऊन बाहेर काढलंय. मी मात्र हातातला कप खाली ठेवून दिला.

वितोमिर दारात उभा होता, त्याने ऐकलं. त्याने टीव्ही बंद केला आणि म्हणाला, “त्या माणसाला त्या दिवशी सकाळी कसं वाटलं असेल, ते मला माहीत आहे.” एवढंच. मग रोसाला विचारलं, तुझी कोंबडी परत अंडी द्यायला लागली का. पोरी, तो वाईट नाही. माझा मुलगा आहे म्हणून म्हणत नाही. पण कुणी माझ्यासमोर माइक धरला तर मीही तेच म्हणेन, शांत होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि म्हणूनच मला झोप नाही. त्याला पोलिसांनी धरून नेलेलं मला नको आहे. डॉक्टरकडे मी त्याला नेईन, तो माझं ऐकेल असं वाटतं, पण आधी ती वस्तू या घरातून जायला हवी.

तुला आठवतं का, तू पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलीस तो रविवार? बाटलीचं बूच उडालं आणि वितोमिरचा चेहरा राखेसारखा झाला. आम्ही सगळे ताटात बघायला लागलो, आम्हाला तीच सवय. तू उठलीस, म्हणालीस, इथे डोळ्यांवर ऊन येतंय, आणि तुझी भिंतीकडची खुर्ची त्याला दिलीस. तिथून दार दिसतं आणि पाठीमागे कुणी नसतं. त्या बाजूला ऊन नव्हतंच. तो बसला, आणि त्याने दोनदा सूप मागून घेतलं. इतक्या वर्षांत ते आम्हा कुणाला सुचलं नव्हतं. तेव्हापासून तो घरात कुणाचा शब्द मानत असेल तर तुझा. कठड्याची ती पानं कुणासाठी आहेत असं तुला वाटतं?

म्हणून हे लिहितोय. शनिवारी सफरचंद पडेल, मग रिवाजाप्रमाणे रास्त्को तुमच्या दारात आडवा उभा राहील आणि तुझी किंमत सांगेल. आमच्याकडचे घासाघीस करतील, म्हणतील, एवढ्यात तर दोन नवऱ्या येतात, हसतील, ओरडतील. पैसा नको म्हणून सांग त्याला. तुझी किंमत ती बंदूक. रास्त्कोला आदल्या दिवशीच सांग, पण का ते सांगू नकोस, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तू आत दाराशीच राहा, आणि गरज पडली तर आतून तूच बोल, वितोमिरला आवाज तुझा ऐकू येऊ दे. सगळ्या वऱ्हाडासमोर नवरीची किंमत नाकारणारा माणूस आमच्या गावात अजून झाला नाही. आधी त्यालाच ती रिकामी करायला सांगा, मग रास्त्कोने घ्यावी. मी बटाट्याचं पोतं घेऊन कुंपणाशी उभा असेन. सोमवारी मी पुन्हा त्या ओळीत जाईन. पण सगळ्यात मोठी गोष्ट अजून राहिली, आणि तीच लिहायला मला इतकी पानं लागली. तो जर नाही म्हणाला, हसून नाही म्हणाला, उद्या देतो म्हणाला, कसंही नाही म्हणाला, तर दार उघडू नकोस. बँड वाजत राहील, गोर्डाना रडेल, ओग्न्येन दारावर थापा मारेल. तो माझा एकुलता एक नातू आहे, तरी मी तुला सांगतो, उघडू नकोस.

तू त्या दारातून आलीस तरी आणि नाही आलीस तरी तुझाच,
दोब्रिवोये आजोबा