कुलूप नसलेला फोन

चि. चिमणीस,
दादाचा डोक्यावरून हात आणि पोटभर आशीर्वाद.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? सूनबाईचा खोकला गेला का? तुझं शेवटी विचारतो.

मी ठणठणीत. शिलाई कारखान्याने आम्हाला नव्या खोल्यांवर हलवलं. इथे जुन्या कंपनीची रेंज नाही, म्हणून नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड घेतलं. दुकानदार म्हणाला, “काका, फोन अनलॉक आहे, कुठलंही कार्ड चालेल.” चाललं की! जाहिराती ढिगाने येतात, फक्त रिंग येत नाही. परत गेलो तर म्हणतो, या कंपनीचे कॉल तुमच्या फोनला जुळत नाहीत. म्हटलं, “कुलूप नाही, मग दार का उघडत नाही रे?” तो हसला, मीही हसलो.

पण तुझा सकाळचा मिस्ड कॉल गेला गं. दोन रिंगा वाजल्या की समजायचं, चिमणी उठली, चहा ठेवला. आता फोन मुका झालाय की तू, हेच उमजत नाही.

शेजारच्या कारागिराच्या फोनवरून तीनदा केला. तिन्ही वेळा तुझा मुलगा म्हणाला, “मामा, आई झोपलीय.” तू तर तापातसुद्धा दिवसा पाठ टेकणारी नव्हेस. पुढे विचारायचा मला धीर झाला नाही.

पत्राला सिमकार्ड लागत नाही. लगेच उत्तर धाड. मुलाकडून लिहवून घेऊ नकोस. वेडीवाकडी एकच ओळ चालेल. पाटीवर मीच गिरवून घेतलेलं अक्षर आहे, बघताक्षणी ओळखेन.

तुझा,
दादा