काटा दुपारी तीनला पडतो

मुक्काम धार, पौष वद्य दशमी, शके १८३०

तीर्थरूप रघुजीमामांच्या पायांवर डोके ठेवून भाचा भगवंत याचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमचा दमा या थंडीत कसा आहे ते मामींकडून लिहवून कळवावे (तुम्ही स्वतः नुसते "ठीक" लिहिता, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही). माझे मागचे पत्र देवासच्या थोरल्या पातीत आठ दिवस भटकून मग धाकट्या पातीत तुम्हांला मिळाले म्हणे. एका गावाला दोन राजे, टपालवाल्याने तरी काय करावे! म्हणून या खेपेस पत्त्यावर "कापसाच्या जिनातले बायलरवाले" असे ठळक लिहिले आहे.

पत्राला कारणही बायलरच. आमचे सरकार गणपतराव (ज्यांच्या बंगल्यावर मी कोठी सांभाळतो) उन्हाळ्यात मसुरीला गेले होते. तिथे एका साहेबाच्या घरी भिंतीलगत लोखंडी नळ्या, नळ्यांत वाफ, आणि खोली कशी उबदार! त्यांच्या मातोश्री अक्कासाहेब गुडघ्यांच्या वातामुळे तीन वर्षे पलंगाला खिळलेल्या. थंडीत तर कुशीवर वळतानाही डोळ्यांत पाणी येते. आईसाठी सरकारांनी मुंबईहून बायलर मागवला. मुंबईचा फिटर आला, परसात बायलर बसवला, चार खोल्यांत नळ्या फिरवल्या, "दाबाच्या तबकडीचा काटा दहावर राहू द्या" एवढे सांगून दोन वाट्या श्रीखंड खाऊन गेला. पुढे बघायचे कोणी? मी तुमचा भाचा, म्हणजे बायलर माझ्या रक्तातच असणार, असे सरकारांनी परस्पर ठरवले. मीही छाती फुगवून "हो" म्हणालो (मामा, इथे तुम्ही कपाळावर हात माराल, मारा).

सकाळी काटा दहावर. दुपारी तीन वाजले की सात, मग पाच, मग चार. खोल्या गार. बायलरच्या काचेच्या नळीतले पाणीही रोज चार बोटे उतरलेले. आमचा भट्टीवाला उमाशंकर माळव्यातलाच, त्याचे निदान सोपे: "भिया, इको पेट नी भर्यो, लाकड़ी और दो." दिली. बाभळीची दिली, सागाची दिली, एक मोडका पाट दिला. काटा चारच. मग मला वाटले, वाफ वरच्या झडपेतून निसटत असेल. तिच्या दांड्यावर वजन असते, ते थोडे वाढवावे म्हणून मी वरवंटा बांधायला निघालो (ओरडू नका मामा, दम्याला बरे नाही). उमाशंकरने ते पाहिले आणि बायलर आता फुटणार म्हणून कुंपणावरून उडी मारून थेट शेजाऱ्यांच्या गोठ्यात गेला. माणूस जिवाच्या भीतीने इतका चपळ होतो हे पाहून मलाही अक्कल आली आणि वरवंटा स्वयंपाकघरात परत गेला.

तोवर सरकारांचा धीर सुटला होता. संक्रांतीपर्यंत यंत्र सुधारले नाही तर ते मोडीत जाईल आणि तू तिरल्याच्या मळ्यावर राखणीला जाशील, असे त्यांनी सांगितले. मळ्याचे मला काही नाही मामा. पण त्याच दिवशी अक्कासाहेबांच्या खोलीवरून जाताना त्या "आई गं" म्हणून कण्हल्या, ते ऐकून मला माझ्याच फुगवलेल्या छातीची लाज वाटली.

तेव्हा अक्कासाहेबांची सेवा करणाऱ्या मालनने एक तोड सांगितली. (ही मालन शालू धुण्यात अशी वाकबगार की सरकारवाड्यातूनही तिला बोलावणे येते.) म्हणाली, "रिठ्याचा फेस लावा सांध्यांना. जिथे वारा निघतो तिथे बुडबुडा येईल." मी थक्क झालो. मग पाच दिवस रोज सकाळी भट्टी पेटवण्याआधी लोहाराचा भाता नळीला जोडला, उमाशंकर भाता ओढतो आणि मी फेसाचा लोटा घेऊन नळीबरोबर पोटावर सरपटतो. अक्कासाहेब निजल्या आहेत, त्यांच्या खोलीतले सांधे मीच बघते, असे मालन म्हणाली. तिने बघून "एकही बुडबुडा नाही" असे सांगितले. पाचव्या दिवशी मला जेवणघरात एक बुडबुडा सापडला! केवढा आनंद! ताग आणि शेंदूर-तेल भरून सांधा पक्का केला. तेवढ्यात सरकार पाहायला आले, त्यांचा पाय फेसावर पडला आणि ते जेवणघरातून थेट ओसरीपर्यंत बसल्या बसल्या आले. पोचल्यावर जे बोलले, ते लिहीत नाही.

आणि तीन वाजता काटा पुन्हा पडला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी शांत बसून विचार केला (हे आधी करायला हवे होते). नळ्या चार खोल्यांत, प्रत्येक खोलीला बाहेरून एक चावी. तीनच्या आधी चारही बंद केल्या. काटा दहावर खिळल्यासारखा. मग एकेक उघडत गेलो. दिवाणखाना, दहा. जेवणघर, दहा. सरकारांची खोली, दहा. अक्कासाहेबांची चावी उघडली आणि काटा उतरू लागला. धावत जाऊन दार ढकलले तर आत ढगच ढग! आणि ढगातून आवाज आला, "भगवंता, दार लाव. वाफ जाते."

अक्कासाहेब पाटावर बसलेल्या, नळीच्या टोकाची तोटी उघडी, तिच्यापुढे निर्गुडीचा पाला आणि त्यातून येणारी वाफ गुडघ्यांवर. बारा दिवस हे चालले होते. "गणपत म्हणतो यंत्राला हात लावू नका, भाजेल," त्या म्हणाल्या. "अरे, खोली गरम करून मी काय करू? थंडी माझ्या गुडघ्यांत आहे." आणि मामा, बोलता बोलता त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

संक्रांतीला अक्कासाहेब स्वतःच्या पायांनी दिवाणखान्यात गेल्या आणि मुलाच्या हातावर तिळगूळ ठेवला. सरकार रागवायचे विसरले, तिळगूळ खायचेही विसरले. नुसते आईच्या पायांकडे बघत राहिले. आता हुकूम असा आहे की तीन वाजता काटा पडलाच पाहिजे. न पडल्यास मला जाब विचारला जाईल.

मामींना नमस्कार. तुमचे आशीर्वाद असावेत.

आपला भगवंत

ता. क. जेवणघरातल्या सांध्याला ताग पुरे की शिशाची चकती घालू, ते कळवावे. खरे तर तेवढ्यासाठी पत्र लिहिले नाही.

ता. क. दुसरे. तोटी मालनने उघडून दिली होती, पालाही तीच आणीत असे, आणि रिठ्याची तोड मला त्या खोलीपासून लांब ठेवण्यासाठीच होती. काल हसत हसत कबूल केले. मी पाच दिवस पोटावर सरपटलो आणि ती दारात उभी राहून "तिथे नीट लावा" म्हणत होती! मला राग यायला हवा होता. आला नाही. मामा, तिचा नवरा जाऊन चार वर्षे झाली, माझे घर सुने होऊन सहा. आपल्यात विधवेच्या पाटाला आडकाठी नाही. तिला थोरले असे कोणी नाही, एक भाऊ तुकाराम, सतवासला असतो. तुम्ही वडीलधारे, त्याच्याशी शब्द टाकाल का? पौषात असे बोलू नये म्हणून पत्राच्या पोटात लिहिले नाही, खाली लिहिले.

ता. क. तिसरे. मालनला विचारलेस का, असे तुम्ही विचाराल. माझी हिंमत झाली नाही. पण आज सकाळी लोटा घासता घासता ती आपण होऊनच म्हणाली की भाऊ दर मंगळवारी कापसाच्या गाड्या घेऊन देवासच्या जिनात येतो. पत्र मंगळवारच्या आत पोहोचावे, म्हणून शाई वाळायची वाट न पाहता टपालात टाकतो.