उशी पोचली, खुलासा करावा

मूंटा, दक्षिण ऑस्ट्रेलिया,
१२ जून

ती. युना वन्संना रॉस्लिनचा नमस्कार.

तुम्ही पोस्टाने पाठवलेली उशी गुरुवारी पोचली, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. उशीला टाचलेल्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंय, "डावी बाजू माझी. लिंडसे न्यायला येईल त्या दिवसाची वाट बघते आहे." वन्सं, तुमच्या भावाने बांधलेल्या ट्रेलरमध्ये गादी एकच आहे, तिच्यावर माणसं दोनच मावतात, आणि डावी बाजू गेल्या ऑक्टोबरपासून माझी आहे. तेव्हा काय प्रकार आहे याचा खुलासा मला हवा होता. तो निम्मा मिळाला, निम्मा अजून कळलेला नाही. जेवढा कळला तेवढा खाली देते.

तुमचा गुडघा कसा आहे? लामरूला पेरणीजोगा पाऊस झाला का? इथे थंडी बरी आहे, खाडीवरचा वारा नको तितका आहे. (नऊ वर्षं आपला पत्रव्यवहार नाताळच्या कार्डापुरता आणि कार्डातही सहीपुरताच राहिला, त्यामुळे चौकशीची सवय मोडली आहे. सासूबाईंच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात मी पास्ट्यांच्या मांसाच्या सारणात तुमच्या घरच्या रिवाजाविरुद्ध गाजर घातलं होतं, आणि पाद्रीसाहेबांसमोर तुम्ही म्हणालात, "ॲडलेडच्या लोकांना मेलेल्या माणसाचीही कीव येत नाही." मी आजही म्हणते, वाक्य अनावश्यक होतं. गाजराबद्दल मी विचार करते आहे.)

तर ट्रेलर. लिंडसे धान्याच्या सायलोवरून निवृत्त झाला आणि घरात बसून माझ्या कपाटांच्या बिजागऱ्या घट्ट करू लागला. तिसऱ्या आठवड्यात एकही कपाट उघडेना. मग मीच त्याला मेन्स शेडमध्ये पाठवलं. तुमच्याकडेही अशी शेड असेलच, निवृत्त पुरुष तिथे जमतात, रंधा मारतात, चहा पितात आणि एकमेकांकडे न बघता फुटबॉलबद्दल बोलतात. चौथ्या दिवशी तो एका जुन्या अमेरिकन मासिकातला नकाशा घेऊन आला. आडव्या पडलेल्या पाण्याच्या थेंबासारखा ट्रेलर, पुढे गोल, मागे निमुळता. आत फक्त झोपायचं. मागचं झाकण उचललं की शेगडी, तिथे बाहेर उभं राहून स्वयंपाक.

मी विचारलं, "यात उभं कुठे राहायचं?"

"बाहेर."

"पाऊस आला तर?"

"आडवं व्हायचं, रॉझ."

"चौकोनी का नाही बांधत? चौकोनात माणूस मावतो."

"चौकोनी कोणीही बांधेल," असं म्हणून तो खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटलं, कलावंत झाला.

नोव्हेंबरात लाकडाच्या वखारीच्या मालकाचा मला फोन. म्हणाला, "मिसेस पेनहेल, तुमच्या मिस्टरांनी प्लायवूडचा तिसरा तक्ता परत धाडलाय. म्हणतात मधे वाकडा आहे. मी तो दुकानाच्या काचेवर टेकवून बघितला. इतका सरळ तक्ता मी माझ्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता." (लग्नात तक्ते का असावेत हे मी विचारलं नाही.) मी लिंडसेला सांगितलं. तो म्हणाला, हल्लीचं झाडच वाकडं उगवतं. मी एकतीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, झाडाचा आणि प्लायवूडचा असा थेट संबंध नसतो एवढं मला कळतं. पण शेडच्या कामात बायकांनी तोंड घालायचं नाही असा तिथला रिवाज, म्हणून गप्प बसले.

गप्प बसण्याच्या त्या रिवाजानेच पुढे घोळ केला. अमेरिकेत गाड्या उजवीकडून धावतात, म्हणून नकाशातल्या ट्रेलरचं दार उजव्या अंगाला. आपल्याकडे ते डावीकडे हवं, नाहीतर माणूस झोपेतून उठून थेट ट्रकसमोर उतरायचा. लिंडसेने नकाशा खिडकीच्या काचेला उलटा लावला आणि छान उलटा गिरवून घेतला. इथवर ठीक. तो नॉर्मच्या हाती गेला. नॉर्म बंदरावर क्रेन चालवायचा. त्याने वरचं अमेरिकन नाव वाचलं, मनात म्हणाला, बिचाऱ्या लिंडसेच्या लक्षात आलेलं दिसत नाही, आणि कोणालाही न दुखवता, न विचारता, नकाशा पुन्हा उलटा केला. तो मग ऑल्विनकडे गेला. ऑल्विन चाळीस वर्षं खाटीक, त्याचा हात स्वच्छ आणि वेगवान. त्याने दार कापून मोकळं केलं, रस्त्याच्या बाजूला.

तीन आठवडे कोणी काही बोललं नाही. तिघांनाही दिसत होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की चूक आपली आहे. शेवटी मी चहाबरोबर केक घेऊन गेले आणि विचारलं, "हे दार रस्त्यात का उघडतं?"

तिघेही आपापल्या पटाशीकडे बघू लागले. नॉर्म म्हणाला (त्याच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या, तो मला अजून बाईच म्हणतो), "बाई, दुसऱ्या बाजूनेही एक पाडलं तर हवा खेळती राहील."

"आणि पाऊस?"

"तो दोन्हीकडून येईल," ऑल्विन म्हणाला. "पण सारखा येईल."

अशा रीतीने दुसरं दार झालं. मग पाणी आत येतं का हे बघायचं ठरलं. मी टॉर्च घेऊन आत आडवी झाले, त्यांनी दोन्ही दारं बंद केली आणि बागेचा पाइप सोडला. पाणी कुठून येतंय ते मी ओरडून सांगायचं, अशी योजना. पाणी छताच्या जोडातून माझ्या डाव्या कानात येत होतं. मी ओरडले. पत्र्यावर पाण्याचा एवढा आवाज की बाहेर काही ऐकू जाईना, म्हणून त्यांनी समजूत करून घेतली की सगळं कोरडं आहे, आणि खात्रीसाठी पाइप मोठा केला. मी पत्र्यावर ठोकलं. बाहेरून लिंडसेनेही प्रेमाने ठोकलं. बाहेर आल्यावर मी काय बोलले ते या पत्रात बसणार नाही. ऑल्विन म्हणाला, "या एवढ्या भिजल्या म्हणजे आत भरपूर जागा आहे." वन्सं, या विधानाचा अर्थ मी आजतागायत शोधते आहे.

आता पुढचं नीट वाचा. एप्रिलमध्ये एका सकाळी लिंडसे न्याहारी करताना म्हणाला, स्वयंपाकघराच्या दाराची चौकट मधे खचलीय, दुरुस्त करायला हवी. मी बघितलं. चौकट सरळ होती. मी माझी शाळेची पोलादी पट्टी आणली, लावली, सरळ होती. दुसऱ्या बाजूने लावली, तरी सरळ. मी म्हटलं, "एक डोळा मिटून बघ." त्याने मिटला. "आता दुसरा." त्याने तोही मिटून बघितला, आणि मग हसला. त्याचं ते हसू तुम्हाला माहीत आहे, लहानपणी काही फोडलं की यायचं, असं सासूबाई सांगायच्या.

डॉक्टरांनी सांगितलं की दृष्टीतलं मधलं जात चाललंय, कडा राहतील. सरळ रेष आधी वाकते, मग मधूनच पुसली जाते. यावर औषध नाही. वर्षभरात वाचणं जाईल, गाडी चालवणं आजपासूनच बंद. परत येताना गाडी मी चालवत होते. मी विचारलं, "कधीपासून?" म्हणाला, "सायलोवरच कळलं होतं. म्हणून तर थेंब घेतला, रॉझ. त्यात सरळ रेषच कमी. वाकडं झालं तरी कोणाला कळणार?" मग पुढच्या वळणावर, "प्लायवूडने घात केला."

मी रस्त्याकडे बघत राहिले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

त्याला जुलैत बाइटच्या समुद्रकड्यावर जायचंय, देवमासे पिल्लं घेऊन येतात ते बघायला. लहानपणी तुमचे वडील तुम्हा दोघांना नेणार होते आणि नेलं नाही, हे मला लग्नाला त्रेचाळीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं. मी म्हटलं, डोळ्यांची ही अवस्था, काय दिसणार? म्हणाला, "म्हणून तर देवमासे. बारीकसारीक बघण्यात आता अर्थ नाही. देवमासा कडेनेही दिसेल."

आणि गुरुवारी तुमची उशी आली. मी ती त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. म्हटलं, "लिंडसे, गादी एक. मला डावी बाजू कबूल केलीस. युना वन्संनाही डावी बाजू कबूल केलीस. तू कुठे झोपणार आहेस?"

"बाहेर. माझी कॅनव्हासची वळकटी आहे ना."

"म्हणजे मी आणि वन्सं एका गादीवर?"

"दोन दारं आहेत," तो म्हणाला. "ती तिकडून चढेल, तू इकडून. बोलायची सक्ती नाही."

तेव्हापासून मी गोंधळले आहे. नकाशा दोनदा उलटा झाला तो नॉर्ममुळे, असं मी फेब्रुवारीपासून धरून चालले होते. आता वाटतं, माणूस इतका सोयीस्कर चुकतो का? मी नॉर्मला विचारलं. तो म्हणाला, "बाई, मला लिंडसेने एवढंच सांगितलं होतं की नकाशा अमेरिकन आहे, जरा बघ." हे निरागस वाक्य आहे की कट आहे, हे मला ठरवता आलेलं नाही. तुम्ही त्याला माझ्याआधी बावीस वर्षं ओळखता, तुम्ही ठरवून कळवा. आणि डावी बाजू म्हणजे झोपलेल्या माणसाची डावी की उभं राहून बघणाऱ्याची, हेही कळवा. माझा आक्षेप त्यावर अवलंबून आहे.

प्रकृतीला जपावं. थंडीत सकाळी लवकर बाहेर पडू नये.

आपली,
रॉस्लिन

ता. क. तो तुम्हाला न्यायला येणार नाही, हे आतापावेतो तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याने तुम्हाला हे सांगितलेलं नाही, सांगणारही नव्हता. हे पत्र मी त्याला न विचारता धाडते आहे.

ता. क. २. खरं काम हे. ट्रेलर जोडून पुढे जाणं मला जमतं. मागे घेणं जमत नाही. शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर दीड तास प्रयत्न केला. चाक डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, हे मी समीकरणाने सिद्ध करू शकते, पण हात समीकरण वाचत नाहीत. क्लबची कचराकुंडी आडवी झाली. नॉर्म गाडी चालवू शकतो, पण त्याला रस्त्याकडेही न बघता बोलायची सवय आहे. लिंडसे म्हणतो, तुम्ही बाराव्या वर्षापासून गव्हाचा ट्रेलर मागे घेत होता आणि कधी कुंपणाला स्पर्श झाला नाही. कड्यावरच्या तळावर जागा अरुंद आहे, मागे घ्यावंच लागतं. तेव्हा तुम्ही पाच जुलैच्या आत इथे यावं. वाटेत मोरगनला थांबून कॉफी प्यावी, सलग गाडी चालवू नये.

ता. क. ३. डावी बाजू तुम्ही घ्या. हा निर्णय झाला, यावर चर्चा नको.

नोंद: मंगळवार, ११ जून, सकाळी साडेदहा. लिंडसे पेनहेल यांचा वाहन चालवण्याचा परवाना, नग एक, मुदत संपायला तीन वर्षं शिल्लक, परवान्याच्या खिडकीवर त्याने स्वतःच्या हाताने दिला. पावती माझ्याकडे आहे. अर्जावर कारणाचा रकाना होता. त्याला अक्षरं दिसेनात, म्हणून मी वाचून दाखवला आणि काय लिहू विचारलं. "लिही, बहीण माझ्यापेक्षा चांगली चालवते." मी तसंच लिहिलं. खाली त्याने सही केली, रेषेच्या जरा वर. साक्षीदार म्हणून मी केली.